टोकाचं काळं बटण

बाबांच्या उजव्या हाताला सहा महिन्यांची मुदत मिळाली होती आणि त्यातले पहिले दोन त्यांनी रुसून घालवले.

एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला, तिथून हे सुरू झालं. मेंदूतली एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली होती. पाय आठवड्यात सावरला, बोलणं पंधरा दिवसांत ताळ्यावर आलं, हात मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांत जेवढा परत येईल तेवढा आपला. रोज तासभर बोटांना बारीक काम द्या, नाहीतर तो आहे तिथेच थांबेल. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यासाठी रंगीत ठोकळे दिले, खुंट्यांची एक फळी दिली आणि पिळायला मऊ चेंडू दिला.

"माझी बालवाडी झालेली आहे," बाबा त्यांना म्हणाले आणि चेंडू टीव्हीमागे गेला तो गेलाच.

बाबा चाळीस वर्षं एका यंत्रांच्या कारखान्यात पॅनेल वायरमन होते. माणसाएवढ्या लोखंडी कपाटात शेकडो वायरी बसवायच्या, प्रत्येक काटकोनात वळवायची, एकीवर दुसरी चढू द्यायची नाही, असं ते काम. वायर वाकडी गेली की बसवणाराही वाकडाच असतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कुणी न विचारताही सांगितलेलं आहे. अशा माणसाने लाल ठोकळ्यावर पिवळा ठोकळा ठेवून बाईंकडून "छान" म्हणवून घ्यायचं, हे मलाही पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून हात थोडाच थांबणार होता? मी ओरडायचे, ते गप्प बसायचे, आई दोघांच्या मधून भाजी निवडायचं ताट घेऊन जायची. माझ्या नाकावर राग असतो हे साऱ्या घराला माहीत आहे. तो मी कुणाकडून उचलला हे आई सांगत नाही, नुसती बघते.

त्या सहा महिन्यांसाठी मी माझं बिऱ्हाड गुंडाळून त्यांच्याकडे राहायला आले होते. एका संशोधन संस्थेत मी प्रोग्रॅम लिहिते. रविवारी जेवणाच्या टेबलावर चौकटीच्या कागदावर ठिपके काढत बसले होते, तर बाबा शेजारी येऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, हे काय पॅनेलचं ड्रॉइंग आहे का?

मी सांगितलं, प्रथिनं आहेत. प्रथिन म्हणजे एक लांब माळ. पाण्यात पडली की ती आपोआप गुंडाळली जाते आणि तिला जो आकार येतो, त्यावर तिचं सगळं काम अवलंबून असतं. खरी माळ फार गुंतागुंतीची, म्हणून आम्ही तिची सोपी नक्कल करतो. मणी दोनच प्रकारचे. काळ्यांना पाण्याचं वावडं, ते आत एकमेकांना चिकटून दडतात. पांढऱ्यांचं पाण्यावाचून अडतं, ते बाहेर राहतात. माळ चौकटीच्या कागदावर मांडायची, वळायचं तर काटकोनातच, आणि एका जागी दोन मणी बसवायचे नाहीत. माळेत लागून नसलेले दोन काळे मणी कागदावर शेजारी आले की एक जोडी. ज्या घडीत जोड्या सर्वांत जास्त, ती घडी उत्तम.

"आणि ती शोधून काढायचा तुला पगार मिळतो?"

"शोधतं मशीन. मी त्याला कसं शोधायचं ते सांगते."

बाबांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. उजव्या हातात धरायला गेले, ती पडली. त्यांनी ती उचलली नाही, पण कागद सोडून उठलेही नाहीत. मी तेवढं हेरलं.

दुसऱ्या दिवशी मी प्लायवूडचा चौकोन आणला आणि त्यावर बारा ओळींत बारा-बारा बिनडोक्याचे खिळे ठोकायला घेतले. पहिल्या ओळीतच बाबांनी माझा उद्धार केला. मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे दोरी लावून, खुणा करून सगळे एकशे चव्वेचाळीस खिळे पुन्हा ठोकले. आईच्या डब्यातून कोटाची मोठी बटणं निघाली, काळी आणि पांढरी, चार भोकांची. बटणाच्या एका भोकातून मऊ तार जायची आणि दुसरं भोक खिळ्यावर अडकवायचं. दोन बटणांत इंचभर तार. बटण खिळ्यावर नेमकं बसवणं हे चांगल्या हातालाही जिकिरीचं होतं, म्हणजे बाईंना हवं होतं तसंच. बाबांनी मी दिलेल्या काळ्या-पांढऱ्या क्रमाच्या यादीवरून तीस बटणांची पहिली माळ आईच्या मदतीने ओवली आणि कामाला बसले.

मी मनातून इतकी खूश झाले की विचारू नका. रोज दुपारी चार ते पाच बाबा फळीवर. मी घरी आले की ते आकडा सांगायचे. सात. आठ. आठच. नऊ. मग दोन दिवस काही नाही, मग एकदम दहा. मी आल्याआल्या चपला काढायच्या आधी "किती?" विचारू लागले. जेवताना आमचं बोलणं तेच. कुठला कोपरा आत घ्यायचा, कुठलं पांढरं बटण मध्ये तडमडतंय. आई म्हणाली, तुम्ही लग्नच लावून घ्या त्या माळेशी. आमच्या घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

त्या माळेचं उत्तर मला माहीत होतं. अकरा. अशा बेचाळीस माळांची उत्तम घडी माझ्या प्रोग्रॅमने शोधली होती आणि याहून जास्त जोड्या होणं शक्य नाही हे सिद्धही केलं होतं. तीस मण्यांच्या घड्या काहीशे अब्ज होतात. त्या एकेक करून कोण बघणार? म्हणून मशीन अर्धी घडी झाली की हिशेब करतं, की आता उरलेल्या काळ्या मण्यांना मिळून जास्तीत जास्त किती जोड्या मिळतील. त्या धरूनही आधी सापडलेल्या आकड्याच्या पुढे जाता येणार नसेल, तर त्या अर्ध्या घडीतून फुटणाऱ्या सगळ्या घड्यांची फांदी तिथेच छाटायची. हे छाटणं माझं होतं आणि मला त्याचा गर्व होता. संस्थेतल्या आमच्या सरांनी ते वाचून पाठीवर थाप मारली होती, त्यावरचा लेख नियतकालिकाला पाठवायचाच काय तो बाकी होता.

अशातच एका बुधवारी मी घरी आले आणि बाबा म्हणाले, "बारा."

मी हसले. म्हटलं, शक्य नाही, परत मोजा. त्यांनी फळी माझ्याकडे वळवली. मी मोजल्या. बारा. बोट ठेवून ठेवून मोजल्या, तरी बारा.

"माळ चुकीची ओवली गेली असणार," मी म्हटलं. "एखादं बटण मागेपुढे झालंय."

"चाळीस वर्षांत माझी एक वायर चुकीच्या जागी गेलेली नाही."

"तेव्हा तुमचा हात बरा होता."

हे मी बोलले. दिवसभराचा शीण होता, लेखाची घाई होती, आणि ज्यावर मी अशक्य म्हणून शिक्का मारला होता ते समोर फळीवर बसून माझ्याकडे बघत होतं. या सगळ्या सबबी नंतर शोधलेल्या. तेव्हा फक्त तोंड सुटलं. बाबांनी फळी भिंतीकडे लावून ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि टीव्ही लावला. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवताना कुणी आकड्यांचं नाव काढलं नाही.

सकाळी बाबा उठायच्या आत मी यादी घेऊन माळ तपासली. तीसच्या तीस बटणं जागच्या जागी होती. फळीचा फोटो काढून ऑफिसला गेले आणि ती घडी प्रोग्रॅमला भरवली. त्याने मुकाट्याने बारा मोजल्या. मग त्याच घडीवरून मी त्याला पावलापावलाने चालवलं आणि कुठे छाटतो ते पाहिलं. त्याने अगदी शेवटी छाटली होती. एकोणतीस बटणं बसली होती, नऊ जोड्या झाल्या होत्या, आणि उरलं होतं फक्त टोकाचं काळं बटण. त्याला फार तर दोन जोड्या मिळतील, नऊ आणि दोन अकरा, अकरा तर आधीच सापडल्यात, म्हणून छाट.

चौकटीत प्रत्येक बटणाला चार शेजारी. मधल्या बटणाच्या दोन बाजू माळेनेच अडतात, जोड्यांना दोन उरतात. पण टोकाच्या बटणाला माळ एकाच बाजूने येते. त्याला तीन उरतात. मी सगळ्यांना दोनच धरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. चार महिने मी अब्जावधी घड्यांची वाट अडवून बसले होते आणि माळेला टोक असतं हेच विसरले होते. बेचाळीसपैकी सात माळा काळ्या टोकाच्या होत्या, त्या सातांची सिद्धता खोटी. लेख गेला नव्हता हे नशीब. सरांना सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग मलाच पाणी विचारलं. कशावरून कळलं म्हणाले. मी म्हटलं, वडिलांनी काढून दाखवलं.

दुपारीच घरी आले. चार वाजले होते आणि बाबा फळीकडे पाठ करून बसले होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"चूक माझी होती. माळ बरोबर आहे. बारा बरोबर आहेत."

मग काय चुकलं ते त्यांना सांगितलं.

"मधल्या टर्मिनलला येणारी वायर एक, जाणारी एक," ते म्हणाले. "टोकाला एकच. हे कारखान्यात पहिल्या दिवशी सांगतात. मला विचारायचं होतंस."

"विचारायला हवं होतं. आणि हाताबद्दल मी जे बोलले, ते..."

"ते खरं आहे," बाबा म्हणाले. "बघ."

त्यांनी फळी पुढ्यात घेतली, माळ सोडवली आणि ती बारा जोड्यांची घडी पहिल्यापासून घालून दाखवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. बटणं खिळ्यांवर टपाटप बसत गेली. सगळी डाव्या हाताने. उजवा हात सगळा वेळ मांडीवर पडून होता, कुणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखा.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, पहिला आठवडा उजव्याने करत होते, नंतर नऊ सापडल्यापासून असंच चाललंय.

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू रोज आल्याआल्या आकडा विचारायचीस," आई म्हणाली. "मला वाटलं, तुझं काम अडलंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. फळी कशासाठी केली होती? एक महिना मी घरात आले, फळीवर वाकले, जोड्या मोजल्या, आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं त्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. तो महिना हाताच्या सहा महिन्यांतला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

"बाबा, मी आकडेच मोजत बसले. तुमचा हात बघितलाच नाही."

"मी तरी कुठे बघितला?" बाबा म्हणाले. "फार दिवसांनी मजा येत होती गं. उजव्याने एक बटण बसवेपर्यंत डोक्यातली पुढची चार निघून जायची. राहवायचं नाही."

फिजिओथेरपिस्ट बाई शनिवारी आल्या. त्यांच्याकडे मूठ आवळून बघायचं एक यंत्र असतं. काटा महिन्यापूर्वी होता तिथेच होता, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. बाबांनी त्यांना आपणहून सगळं सांगितलं, शाळेत वही घरी राहिल्याचं सांगतात तसं. बाई रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी फळी हातात घेऊन निरखून पाहिली, म्हणाल्या, काम उत्तम आहे, फक्त कामगार बदला. अजून तीन महिने आहेत.

मी ठरवलंच होतं, की आता फळी उचलून माळ्यावर टाकायची. छाटणं दुरुस्त झालं होतं, काळ्या टोकाच्या सातही माळा मशीनने नव्याने सोडवल्या होत्या. हाताने शोधून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ते बाबांना खरं खरं सांगितलं, कारण आता त्यांच्याशी गोड बोलून काही करून घ्यायचं नाही असं मनाशी ठाम होतं.

"तुझं मशीन माझ्या हाताचा व्यायाम करणार आहे का?" ते म्हणाले. "उरलेल्या सहा माळांतली एक दे. मशीनचा आकडा मला सांगू नकोस. मी विचारेन तेव्हाच सांग."

मग त्यांनी आईला आपला जुना स्वेटर आणायला सांगितला. तो घातला आणि डावी बाही पुढे केली. म्हणाले, हिचं तोंड शिवून टाक. आई म्हणाली, वेड लागलंय का? पण सुईदोरा घेऊन बसली. हात आत असतानाच तिने लांब लांब टाके घातले, आणि बाबा चक्क शाळकरी मुलासारखा हात पुढे धरून बसले होते. रोज चारला आई बाही शिवायची, पाचला कात्रीने उसवायची. बाईंनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, आमच्याकडे चांगला हात अडवून ठेवायला महागडा हातमोजा मिळतो, त्यापेक्षा हे बरं.

पहिल्या दिवशी तासाभरात दोन बटणं बसली. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक निसटलं. मी आता चारच्या आत घरी यायचे आणि समोर बसायचे, काही न बोलता. हे माझ्यासारखीला किती अवघड आहे ते सांगून कळायचं नाही. बटण खिळ्याच्या टोकाशी यायचं, थरथरायचं, बाजूला घसरायचं. माझी बोटं टेबलाखाली आपोआप वळायची. बाबांच्या कपाळावर घाम यायचा. मधूनच ते त्या हाताला शिवी द्यायचे, नव्या कामगाराला द्यावी तशी, आणि पुन्हा बटण उचलायचे. पाचव्या दिवशी एका तासात पाच बसली. आठव्या दिवशी त्यांनी बसवलेली अर्धी माळ स्वतःच उतरवली, कारण एक काळं बटण बाहेर राहत होतं. मी ओठ चावून गप्प राहिले.

अकराव्या दिवशी शेवटचं बटण बसलं. टोकाचं, काळं. बाबांनी ते तीन काळ्यांच्या कुशीत नेऊन बसवलं, हात मागे घेतला आणि पाठ टेकली. अंगठा अजून थरथरत होता.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजल्या. बारा. पुन्हा मोजल्या, मुद्दाम सावकाश, कारण मला वेळ हवा होता. या माळेचा मशीनचा आकडा तेरा होता.

"किती?"

"बारा."

"आणि मशीनच्या?"

अकरा दिवसांचा घाम माझ्यासमोर बसला होता. बारा म्हटलं असतं तर त्यांना कळायचा मार्ग नव्हता. आई दाराशी थांबली होती, तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सांग गं बारा. माझ्याही जिभेवर तेच होतं. पण त्या बुधवारी त्यांनी खरं काढलं होतं आणि मी ते खोटं ठरवलं होतं. आज खोट्याला खरं ठरवणं म्हणजे परत तेच करणं झालं असतं, फक्त गोड आवाजात.

"तेरा," मी म्हटलं. "एक कमी पडली, बाबा."

ते फळीकडे बघत राहिले. उजवा हात उठला तेव्हा वाटलं, आता फळी भिंतीकडे जाणार.

"म्हणजे अजून एक आहे यात," बाबा म्हणाले. "कुठे ते सांगायचं नाही हं."

आणि त्यांनी टोकाचं बटण सोडवायला घेतलं. पहिल्यांदा बोटं घसरली. दुसऱ्यांदा नख अडकलं. तिसऱ्यांदा बटण खिळ्यावरून वर आलं आणि त्यांनी ते दोन बोटांत घट्ट धरून ठेवलं, पडू दिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, पॅनेलचं दार उघडताना असायची ती उत्सुकता होती. मला त्या क्षणी त्यांच्यावर इतकी माया आली की मी टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत गच्च धरले, मदतीला जाऊ नयेत म्हणून.

पाच वाजून गेले होते. आई कात्री घेऊन आली आणि तिने डाव्या बाहीचे टाके उसवायला हात पुढे केला.

"थांब जरा," बाबा म्हणाले, "काम चालू आहे."